आकारामच्या अंगात आलं ते

१७ एप्रिल, गुरुवार

आज उपवास, निर्जळी. औदुंबरला जायला वेळ झाला नाही, दारातूनच त्या दिशेला हात जोडले आणि गाडी काढली. आष्ट्याहून कुपवाडला पोचेपर्यंत साडेसात होतात आणि तेवढ्यात शेडच्या पत्र्याला हात लावू म्हटलं तर चटका बसतो.

हळद पॉलिशचा आमचा शेड चारी बाजूंनी पत्र्याचा. वाळलेली हळकुंडं मोठ्या लोखंडी ढोलात फिरवायची, म्हणजे वरची साल घासून निघते. पिवळा धुरळा उठतो. गेल्या साली शेजारच्या कारखान्याने धुरळ्याची तक्रार केली, तेव्हापासून खिडक्या बंद असतात. पाणी आत न्यायचं नाही हा थोरल्या मालकांचा नियम, पण तो पाळून घेतो मी. हळदीला ओल लागली की बुरशी धरते आणि सगळा ढीग जातो. म्हणून माठ फाटकापाशी लिंबाखाली, शेडपासून सत्तर पावलांवर. बाराला आणि चारला सगळ्यांनी मिळून जायचं, पाणी पिऊन यायचं. सतरा वर्षं मुकादमी करतोय, एक पोतं ओलं होऊ दिलेलं नाही.

निवडणाऱ्या बायकांत सुलाबाई तोंडाची फटकळ. आज म्हणाली, "लालाभाऊ, तुमच्या हळदीला सर्दी हुईल म्हनून आमी तहानलेलं मरायचं व्हय?" सगळ्या हसल्या. मीही हसलो.

तीनच्या सुमाराला ढोलापाशी उभा राहून नाम घेत होतो. एकाएकी अंग हलकं झालं, ढोलाचा आवाज लांब गेला, डोळ्यांपुढे नुसता पिवळा उजेड. खांब धरला. मन भरून आलं. इतक्या वर्षांच्या गुरुवारांचं काही फळ असेल तर ते असं असावं. कुणाला बोललो नाही.

लघवी फार गर्द होते. धुरळ्याचं असणार.

२२ एप्रिल, मंगळवार

आज शेडमध्ये देव आला.

दुपारी दोन वाजून गेले होते. ढोलावर आकाराम होता. जतच्या पुढचा हा माणूस, पिढीजात मेंढरं राखणारा, आता चार वर्षं आमच्याकडे. कामाला वाघ आणि बोलायला मुका. गावच्या जत्रेत त्याच्या अंगात बिरोबाचं वारं येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. तो एकदम डुलायला लागला. डोळे वर चढले, ओठ हलायला लागले. डोक्यापासून पायापर्यंत हळदीनं माखलेला, जणू कुणी भंडारा उधळून उभा केलाय. मी ढोल थांबवला. बायका सुपं खाली ठेवून उठल्या, हात जोडले.

"मेंढरं पान्यावर न्या," असं बोलला. पुन्हा, "मेंढरं पान्यावर न्या रं."

सुलाबाईनं विचारलं, "देवा, औंदा पाऊस हाय का?" त्यावर तेच शब्द. मग तिनं सगळ्यांकडे बघून सांगितलं, पाऊस हाय म्हनं.

मी पुढं होऊन पाय धरले. पाय तव्यासारखे तापलेले. आम्ही सगळे घामानं निथळत होतो आणि त्याच्या अंगावर टिपूस नाही, कातडी कोरडी ठाक. देवाला कसला घाम, असं मनात आलं. कपाळ टेकलं तेव्हा बसलेला चटका अजून जाणवतो. पोरींपैकी कुणीतरी म्हणालं, पाणी आणू का. मी म्हटलं, देव हाय तवर कुनी हात लावू नगा, तो आपसूक उतरंल.

अर्ध्या तासानं तो पडला. हातापायाला झटके आले. मालकांच्या गाडीतून सांगलीला सरकारी दवाखान्यात नेलं. देव उतरला की माणूस असा गळून जातोच. एक-दोन दिवसांत येईल कामावर.

आपल्यासारख्याच्या शेडात यावंसं वाटलं देवाला.

२३ एप्रिल, बुधवार

आकाराम शुद्धीवर नाही. नाकातोंडात नळ्या. डॉक्टर तरणी बाई आहे, माझ्या लेकीपेक्षा, अंकितापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठी. म्हणाली, आणला तेव्हा ताप एकशेसात होता. मग विचारलं, "पडण्याआधी किती वेळ असंबद्ध बोलत होता?"

मी म्हटलं, "बोलत न्हवता. काम करता करता पडला. लगेच आनला."

"लगेच?"

"लगेच."

तिनं लिहून घेतलं. का असं बोललो कळत नाही. देव आला होता म्हणून सांगायला लाज वाटली, की दुसरंच काही होतं.

दुपारच्या एसटीनं त्याची बायको रंगुबाई आली. पदराच्या गाठीला भंडाऱ्याची पुडी. तिला आत सोडलं नाही, काचेतून बघितलं. मग माझ्याशेजारी फरशीवर बसली.

"देव काय बोलला, मुकादम?"

"मेंढरं पान्यावर न्या, म्हनला."

तिनं जमिनीला हात लावून कपाळाला लावला. थोड्या वेळानं म्हणाली, "आमची मेंढरं सात वर्सामागं इकली. मग कुठली मेंढरं म्हनला असंल?"

"आमीच की. समदी लेकरं त्याची मेंढरंच."

तिच्या तोंडावर समाधान आलं. मलाही बोलल्याचं बरं वाटलं.

२४ एप्रिल, गुरुवार

उपवास. अंकिता मिरजेहून आली. नर्सिंगचं तिचं शेवटचं वर्ष. संध्याकाळी बायको तिला वाढत होती आणि मी मंगळवारची हकिकत सांगत होतो. ती जेवता जेवता थांबली.

"आण्णा, घाम होता का त्यांना?"

"नव्हता. सांगितलं की, कोरडा."

"आणि अंग?"

"तव्यासारखं."

तिनं ताट सरकवलं. "आण्णा, ते ऊन लागलं होतं. घाम थांबला की माणूस आतनं भाजतो. भान जातं, बडबडतो. त्यांना तिथंच खाली झोपवून अंगावर पाणी ओतायला पाहिजे होतं. पहिल्या धा मिनिटांत."

मला राग आला. "चार बुकं वाचलीस म्हनून देवाचा ताप मोजतीस व्हय?"

"देवाचा न्हाई. आकारामकाकांचा."

ती उठून गेली. बायको माझ्याकडे बघत राहिली.

२५ एप्रिल, शुक्रवार

तो पडला त्या जागी बायकांनी नारळ ठेवलाय, उदबत्ती लावलीय. ढोल सुरू करायच्या आधी त्या जागेच्या पाया पडतात. उदयसिंहदादा, आमचे धाकटे मालक, चपला बाहेर काढून आत आले आणि त्यांनीही हात जोडले. मग मला ऑफिसात बोलावलं.

"लाला, आकारामचं तू डोळ्यांनी बघितलंस ना?"

"व्हय."

"मग एवढं लिहून ठेवू. उद्या कुणी सरकारी माणूस आला, तर आपलं बोलणं एक पाहिजे." टाइप केलेला कागद तयार होता. आकाराम अंगात येऊन कोसळला, याचा कामाशी किंवा उन्हाशी संबंध नाही. खाली माझं नाव. "तुझ्यासारखा भाविक माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?"

मी सही केली. पहिलं वाक्य खरंच आहे, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या वाक्याजवळ पेन जरा थांबलं होतं.

परत शेडात गेलो तर सुलाबाईनं विचारलं, "कशावर अंगठा घेतला वं तुमचा?"

"सही. मला सही येती."

"तेच मोठं वाईट," म्हणाली.

२७ एप्रिल, रविवार

सुट्टी. देवघरापुढं बसलो, नाम लागेना. वही काढून मंगळवारचं पान वाचलं.

त्या पानावर एक गोष्ट नाही. त्या दिवशी एक वाजता आकाराम माझ्याकडे आला होता. डोळे लाल होते. "मुकादम, जरा पानी पिऊन यीऊ का?" मी म्हटलं, "आत्ता बाराला तर गेलतास. चारला जाऊ." तो मान हलवून ढोलाकडे गेला. वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

हे मी लिहिलं नाही. विसरलो म्हणावं, तर विसरलो नव्हतो. पाय तापल्याचं लिहिलं, उजेडाचं लिहिलं, पावसाचं लिहिलं, आणि हे तेवढं गाळलं.

तासानं तोच माणूस म्हणत होता, मेंढरं पाण्यावर न्या. लहानपणापासून उन्हातान्हात जे वाक्य हजार वेळा तोंडात आलं, ते भान गेल्यावर आलं. तो पाणी मागत होता. एवढं साधं मराठी मला कळलं नाही आणि रंगुबाईला मी त्याचा अर्थ सांगितला.

मी पाय धरले ते कुणाचे? देव तिथं नव्हताच, असंही म्हणवत नाही. पण असेल तर तो तहानलेला उभा होता आणि मी त्याला नमस्कार घातला.

संध्याकाळी अंकिताला फोन केला. "तू म्हणालीस ते बरोबर होतं," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "आण्णा, तुम्ही पाणी पीत जावा. गुरुवारी पण."

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी गेल्या गेल्या मालकांना सांगितलं. काम पहाटे सहाला धरू, अकराला सोडू, उरलेलं ऊन उतरल्यावर. खिडक्या उघडू. माठ दारात आणू.

"हंगाम आहे लाला. बाहेर ट्रक उभे आहेत ते दिसतात का?" मग हसून म्हणाले, "आणि देवानं पाऊस आहे म्हणून सांगितलंय की. घाबरतोस काय?"

मी गप्प बसलो. मी गप्प बसलो हे लिहायला हवं.

अडीचला सुलाबाई सूप टाकून उभी राहिली. डोलायला लागली. "आक्का, चूल कुनी पेटिवली गं," असं काहीतरी बोलू लागली. तिची आक्का जाऊन वीस वर्षं झाली. एकीनं ओरडून सांगितलं, "वारं आलं! सुलामावशीच्या अंगात वारं आलं!" सगळ्या भोवती गोळा झाल्या. एकजण वाकून पायाला हात लावते, तोवर मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. कोरडं. तापलेलं.

मी सत्तर पावलं पळत गेलो. माठ जड, उचलेना. शेजारच्या कारखान्याच्या नळावरून दोन बादल्या भरल्या आणि आत घुसलो. दारात बायकांनी अडवलं. "मुकादम, काय करतायसा? देवावर पानी वतताय? इटाळ हुईल!" एकीनं मनगट धरलं, तिची नखं लागली. मी म्हटलं, "देव असंल तर भिजंल. बाई असंल तर वाचंल. सोड."

पहिली बादली डोक्यावर, दुसरी छातीवर. तिला पोत्यांवर आडवी केली, पदरानं वारा घालायला लावलं, पुन्हा दोन बादल्या आणल्या. पिवळं पाणी सगळ्या शेडभर पसरलं, थप्पीच्या खालच्या पोत्यांत शिरलं. चौथ्या बादलीला सुलाबाईनं डोळे उघडले.

"कुन्या मेल्यानं वतलं रं? लुगडं भिजवलंस की माझं."

बायका रडत होत्या, मीही.

रिक्षानं दवाखान्यात नेलं. तीच डॉक्टर. तपासून म्हणाली, "वेळेत पाणी घातलंत. वाचतील." मग मी बोललो, "बाई, त्या आकारामचं मी खोटं सांगितलं. लगेच आनला न्हवता. अर्धा तास तसाच उभा हुता. बडबडत हुता."

तिनं पेन खाली ठेवलं. "आज सांगून त्याच्यासाठी काही बदलत नाही," म्हणाली. आवाज कठोर नव्हता. कठोर असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मालकांनी ओली पोती बघितली. "सतरा वर्षांत पहिल्यांदा," म्हणाले, "आणि तुझ्या हातानं. उद्यापासून येऊ नको."

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी सव्वादहाला आकाराम गेला. आधी मूत्रपिंडं, मग यकृत, मग सगळंच.

रंगुबाई रडली नाही. म्हणाली, "देवानंच नेला. त्याचाच हुता." बरोबरचे लोक माना हलवत होते.

मी तिथंच उभा होतो. बोलायचं होतं. गाडी निघाली तरी बोललो नाही.

४ मे, रविवार

एसटीनं त्यांच्या गावी गेलो. स्टँडपासून तीन मैल चालावं लागतं, वाटेत एक झाड नाही. घरापुढं भावकी बसलेली. चर्चा अशी, की मालक शेडाच्या आवारात चौथरा बांधून देतो म्हणालेत, आकारामच्या नावाचा दगड बसवायचा. देवाच्या हाकेला गेलेला माणूस. त्याचा थोरला भाऊ मला म्हणाला, "तुमी डोळ्यांनी बघितलंय, मुकादम. तुमच्याच हातानं बसवू."

मी रंगुबाईला घरामागं बोलावलं. गोठ्याच्या सावलीला दोन शेळ्या बांधलेल्या. उभ्यानंच सगळं सांगितलं, एक वाजल्यापासून. चारला जाऊ म्हणालो ते. अर्धा तास. कुनी हात लावू नगा म्हणालो ते. कागदावरची सही.

ती शेळीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होती.

"म्हंजी देव न्हवता."

"मला न्हाई वाटत."

"मग त्या दिशी मला देव म्हनून का सांगितलंसा?"

"मलाच तसं वाटत हुतं. आन् तसं वाटाय पायजे हुतं."

पुढच्या बाजूला कुणीतरी हसलं, पोरं भांडत होती.

"तुमी खरंच पाया पडलासा?"

"व्हय. कपाळ टेकलं."

"त्या मानसाच्या जल्मात कोन पाया पडलं न्हवतं त्याच्या," ती म्हणाली. "जत्रंत देवाच्या पडत्यात. येरवी त्याला बसा म्हनत न्हाईत." मग माझ्याकडे बघितलं. असं बघणं मला सोसलं नाही. "त्यापरीस एक तांब्या दिला असता तर."

मी मान खाली घातली.

"जावा आता," म्हणाली. मी वळलो तेव्हा मागून आवाज आला. "ती सही पुसता यील का?"

"न्हाई."

"मग दुसरा कागद लिवा. मी यीन सांगलीला. दगड नगं म्हनून दिराला मी सांगते."

८ मे, गुरुवार

सकाळी निघताना दोन तांबे पाणी प्यायलो. मग देवापुढं उभा राहिलो. काही मागितलं नाही.

शेडातलं कळलं. नवा मुकादम आलाय. खिडक्या बंदच आहेत, दुपारी दोनला ढोल चालू असतो. सुलाबाई घरी आहे, पण तिनं निवडणाऱ्या सात जणींना कामावर जाण्यापासून थांबवलंय. आष्ट्याच्या बाजारात भेटली. म्हणाली, "त्या बायका इचारत्यात, मुकादम आमच्यासंगं हाय का मालकासंगं?" मी म्हटलं, "सांग, दोघांकडनं गेला." ती हसली नाही. पहिल्यांदाच असं झालं.

सांगलीला कामगार ऑफिसच्या व्हरांड्यात रंगुबाई आधीच येऊन बसली होती. तिला लिहिता येत नाही. बाहेर अर्ज लिहून देणारा बसतो, त्याच्याकडे जाऊ म्हटलं. ती म्हणाली, "त्याला काय ठावं? तुमीच लिवा. मी सांगते तसं."

बाकावर कागद ठेवला. ती समोर भिंतीकडे बघत सांगत होती, मी शुद्ध करून लिहीत होतो.

"लिवा, माझा मालक आकाराम, वय अडतीस, हळदीच्या शेडात कामाला हुता."

लिहिलं.

"लिवा, शेडात पानी ठेवत न्हवते. सत्तर पावलांवर हुतं. त्यानं मागितलं तर मुकादमानं न्हाई म्हनलं."

मी थांबलो.

"लिवा की."

लिहिलं. मुकादमांनी परवानगी नाकारली, असं. ती म्हणाली, वाचून दाखवा. वाचलं. "नाकारली म्हंजी?" "न्हाई म्हनले." "मग तसंच लिवा, साधं." खोडून तसं लिहिलं.

"लिवा, तो उन्हानं येडा झाला तर मुकादम त्याच्या पाया पडला. अर्धा तास कुनी हात लावला न्हाई. मुकादमानं लावू दिला न्हाई." तिचा आवाज तेवढ्यापुरता बसला. "आन् लिवा, माझ्या मालकाच्या अंगात त्या दिशी देव आला न्हवता. हे मी, त्याची बायकू, सांगते."

शेवटी तिनं मागणी सांगितली. शेडाच्या खिडक्या उघडाव्या. पाणी आत असावं. बारा ते चार ढोल बंद असावा. "आजपास्नं," म्हणाली. "उद्या न्हाई. आज दुपारी पन कोनतरी उबं असंल तिथं."

आतल्या साहेबांनी अर्ज वाचला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "यातला मुकादम कोण? नाव नाही. नावाशिवाय अर्ज चालत नाही."

मी पेन घेऊन मुकादम या शब्दापुढं जागा करून माझं नाव लिहिलं. तिच्या अंगठ्याला शाई लावली, तो उमटवला. तिचा अंगठा हळदीच्या नव्हे, शेणाच्या कामानं फाटलेला, ठसा तुटक आला.

"आणि अर्ज कुणी लिहून दिला?" साहेबांनी खालची मोकळी ओळ दाखवली.

मी तिथंही माझं नाव लिहिलं. साहेबांनी वरचं नाव बघितलं, खालचं बघितलं, पुन्हा वरचं. शिक्का हातात तसाच राहिला होता.

"मारा," रंगुबाई म्हणाली. "मानूस योकच हाय."